परमुलखातील कुलूप

मोटरसायकल घेऊन देशाबाहेर जाणारी मुले आता आपल्या घरांतूनही दिसू लागली आहेत. सोनौलीचा नाका ओलांडून पोखऱ्याला आणि तेथून वर मुक्तिनाथाला जाणे इंदूर-ग्वाल्हेरच्या तरुणांना आज दुर्लभ राहिलेले नाही. काहीजण तर गाडी जहाजाने पुढे पाठवून इराण, तुर्कस्तान, युरोप असा दूरचा पल्ला गाठतात. निघण्यापूर्वी घरात जी खलबते होतात त्यांत टायर, पेट्रोल, व्हिसा, विरळ हवेचा त्रास या विषयांच्या जोडीला कुलपाचा विषय हटकून निघतो. कोणते घ्यावे, साखळी किती जाड असावी, वजन किती होईल. वडीलधारी मंडळी "सामान सांभाळ रे बाबा" एवढे म्हणून मोकळी होतात. जणू हा सारा प्रश्न बाजारातला आहे आणि योग्य वस्तू विकत घेतली की तो मिटला. मला तो इतका सोपा वाटत नाही. ज्यांच्या दारी आपण उतरलो आहोत त्या माणसांसमोर कुलूप लावणे म्हणजे त्यांच्याविषयी काहीतरी बोलणे होय. आपण काय बोलतो, आणि तसे बोलण्याचा आपल्याला अधिकार कितपत पोहोचतो?

आगगाडीने वा मोटारीने जाणाऱ्याला हा प्रश्न एवढा टोचत नाही. मोटारीला दारे असतात. किल्ली फिरवली की आतले जग आपले, बाहेरचे लोकांचे. मोटरसायकल सर्वांगाने उघडी. दिवसातून दहा वेळा थांबावे लागते: चहाला, पेट्रोलला, नाक्यावर शिक्का मारून घ्यायला, नुसते पाय मोकळे करायला. दर थांब्याला हेल्मेट, हातमोजे, जाकीट, टाकीवरची पिशवी आणि मागच्या दोन पेट्या यांचे काय करावयाचे हे ठरवावे लागते. म्हणजेच समोरच्या बाकावर बसलेली चार अनोळखी माणसे कशी आहेत हे ठरवावे लागते. त्यांची भाषा येत नाही, रीतिभाती ठाऊक नाहीत, आणि निकाल मात्र अर्ध्या मिनिटात द्यायचा. न्यायाधीशालाही इतकी घाई नसते.

मुरलेले प्रवासी काय करतात ते पाहण्यासारखे आहे. हँडलचे कुलूप गृहीतच धरलेले. पुढच्या ब्रेकच्या चकतीत अडकवायचे एक लहान कुलूप, आणि त्याला बांधलेली भडक रंगाची दोरी हँडलपर्यंत आणलेली. कारण कुलूप विसरून गाडी हाकली तर पहिल्या फुटातच स्वार जमिनीवर. जाड साखळी खांबातून किंवा सोबत्याच्या गाडीच्या सांगाड्यातून ओवायची, आणि तीही जमिनीवर लोळू द्यायची नाही, कारण खाली जमिनीचा आधार मिळाला की घणाचा घाव नीट बसतो. वरून एखादे मळकट आच्छादन, म्हणजे आत कोणती गाडी आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळत नाही. पासपोर्ट, गाडीचे कागद आणि पैशांचा मोठा भाग अंगावर. खिशात मात्र थोड्या नोटांचे निराळे पाकीट, कोणी दरडावून मागितलेच तर देऊन टाकण्यासाठी. ॲल्युमिनियमच्या पेट्यांना चांगले कुलूप बसते, कापडी पिशव्यांना बसत नाही. तरी पुष्कळजण कापडीच पसंत करतात, कारण त्या हलक्या असतात, गाडी कलंडली तर पाय खाली सापडून मोडण्याची भीती कमी, आणि रात्री उचलून खोलीत नेता येतात. रात्रीसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे उतारूघराचे अंगण. दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या शहरांत दाराच्या पायरीवर फळी टाकून गाडी थेट आतल्या चौकात घेऊ देतात. इराणात आणि मध्य आशियात लहान हॉटेलांचे मालक ती कधीकधी चक्क बैठकीच्या दालनात उभी करू देतात. दिवसा गाव पाहायला जायचे तर गाडी एखाद्या दुकानदाराच्या नजरेसमोर लावून त्याच्याकडून चहा घ्यायचा. पोलीस चौकीसमोर जागा मिळाली तर तीही बरी.

या यादीकडे जरा लक्षपूर्वक पाहिले तर तिच्यात निम्मे लोखंड आहे आणि निम्मी माणसे आहेत. आणि जसजसा प्रवास लांबतो तसतसे लोखंड कमी होते, माणसे वाढतात, असे लांब पल्ल्याचे लोक सांगतात. त्याला कारणही आहे. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर आता कोणाच्याही पिशवीत मावतो, आणि भली जाड साखळीसुद्धा त्याच्यापुढे फार वेळ धरत नाही. ब्रिटनमधील सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपे प्रत्यक्ष फोडून पाहते आणि त्यांना ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा श्रेणी देते. तिच्या परीक्षेचा हिशेब हत्यार कोणते आणि वेळ किती, असा असतो. कधीच न फुटणारे, अशी श्रेणी नाही. लंडनच्या पिकॅडिलीत जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत 1790 च्या सुमारापासून एक कुलूप मांडलेले होते, आणि ते उघडील त्याला 200 गिनी देण्याची जाहीर पैज होती. 1851 च्या महाप्रदर्शनाच्या वर्षी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने ते उघडले. 16 दिवसांत मिळून 51 तास खपला. लोक खुश होण्याऐवजी रागावले. ही विद्या चव्हाट्यावर आणल्याने चोरांचे फावेल असे त्यांचे म्हणणे. हॉब्जचे म्हणणे असे की चोरांना ती आधीच अवगत आहे, अंधारात आहेत ते सज्जन.

तेव्हा ठाम निश्चय केलेल्या चोराला कुलूप थोपवीत नाही, फार तर त्याला उशीर करते. मग ते थोपवते कोणाला? आपल्याकडे यावर तयार उत्तर आहे: कुलूप चोरासाठी नसते, सावासाठी असते. ऐकायला हे चतुर वाटते. पण त्यात एक तुच्छता दडलेली आहे. जणू प्रत्येक साव हा संधी न मिळालेला चोर आहे. हे उत्तर जिभेवर ठेवून कोणा गरीब यजमानाच्या ओसरीवर साखळी आवळायची म्हणजे त्याच्या मिठाचा अपमानच. याहून निराळे उत्तर असले पाहिजे असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. ते एका साध्या घटनेने समजले.

माझा भाचा 2019 च्या ऑक्टोबरात मोटरसायकलने मुक्तिनाथाला गेला होता. सोनौलीला भन्सार भरला, म्हणजे गाडी तात्पुरती आत नेण्याची दिवसाच्या हिशेबाने फी भरली, आणि बुटवल, पोखरा, बेनी करीत काली गंडकीच्या खोऱ्यात वर चढला. दुपारनंतर त्या खोऱ्यात जो वारा सुटतो त्यात दुचाकी धरणे कठीण. म्हणून तो मार्फ्यात थांबला. मार्फा हे थकाली लोकांचे गाव, फरसबंदी बोळांचे, सफरचंदांच्या बागांचे. तिबेटच्या मिठाचा व्यापार याच वाटेने चाले, आणि वाटसरूला उतरून घेणे हा थकाली घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. ज्या घरी तो उतरला तेथील बाईंना सगळे दिदी म्हणत. हा अंगणात गाडीला साखळी घालू लागला तशा त्या म्हणाल्या, "भाई, इथे ताल्चा लागत नाही." ताल्चा म्हणजे कुलूप. भाचा घोटाळला. बाईंचे शब्द मानावेत तर गाडीचा घोर, न मानावेत तर बाईंचा अवमान. शेवटी "दिदी, सवयच आहे" असे म्हणून त्याने साखळी घातली, पेट्यांना कुलपे लावली आणि संकोचाने जेवायला बसला. त्याच अंगणात आणखी एक प्रवासी होता, कोठल्या दूरच्या देशाचा. त्याने दिदींचा शब्द मोठ्या आनंदाने मानला. पिशव्या गाडीवर तशाच उघड्या ठेवल्या आणि रात्री जेवताना विश्वासाच्या महतीवर बराच वेळ बोलला.

सकाळी त्याचा छोटा कॅमेरा सापडेना. तो आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता; वाटेतही पडला असेल, असे तोच म्हणत होता. परंतु अंगणात पाणी आणणारा, भांडी घासणारा पंधरासोळा वर्षांचा एक पोरगा होता, खालच्या कुठल्यातरी गावातून कामाला आलेला. कोणी काही बोलले नाही. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले एवढेच. दिदींनी त्याला आत बोलावले. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. कॅमेऱ्याचे पुढे काय झाले ते भाच्याला कळले नाही. तो मुक्तिनाथाकडे निघून गेला. त्या पोराची नोकरी राहिली की नाही हेही कळले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. येथे तर चोर होता की नाही याचाच पत्ता नव्हता, संन्याशी मात्र हजर होता.

त्या उदार प्रवाशाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याचा विश्वास खरा होता. पण त्या विश्वासाची जोखीम त्याने स्वतः उचलली आहे असे त्याला वाटत होते, ते काही खरे नव्हे. एक कॅमेरा गेला असता तर त्याने दुसरा घेतला असता. जोखीम होती ती अंगणातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावाची. वस्तू उघडी ठेवली की तिच्या आसपास वावरणारा प्रत्येकजण नकळत तिचा जामीन होतो; त्याला विचारलेले नसते, त्याने होकार दिलेला नसतो, आणि वस्तू हरवली की पहिली नजर पडते ती ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर. माझ्या भाच्याच्या पेट्या बंद होत्या. त्यांच्याबाबतीत त्या पोराकडे पाहण्याचे कोणाला कारणच नव्हते. कुलूप कोणासाठी, याचे निराळे उत्तर ते हे: शेजारच्या निरपराध माणसाचे नाव राखण्यासाठी.

आपल्या धर्मशास्त्रकारांना ही गोष्ट नीट कळली होती असे दिसते. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधीचे एक छोटे प्रकरण आहे. आत काय आहे ते न सांगता पेटीत बंद करून दुसऱ्याच्या हाती सोपविलेले द्रव्य म्हणजे उपनिधी. ते जसे दिले तसेच परत करावयाचे. राजाने नेले, दैवाने गेले किंवा चोरांनी पळविले तर ठेव सांभाळणाऱ्याकडून ते वसूल करू नये; मात्र मालकाने मागूनही दिले नाही आणि नंतर नष्ट झाले, तर त्याने ते भरून द्यावे. या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात. आपल्या हैदराबादकडील वाचकांना ते गाव परके नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या बंदपणाचा मर्म असा की सांभाळणाऱ्याला आतले ठाऊक नसते, म्हणून त्यातले अमुक काढले असा आरोप त्याच्यावर सहजी येत नाही. पेटी बंद करणे हा त्याच्यावरचा अविश्वास मानला जात नसे. विश्वासाने सोपविण्याची ती रीत होती. आधी बंद करावयाचे, मग हाती द्यावयाचे. उतारूघराच्या मालकाजवळ बंद पेटी ठेवून डोंगर चढायला जाणारा मोटरसायकलस्वार नेमके हेच करीत असतो.

दिदींचे बोलणे मग खोटे होते काय? मुळीच नव्हे. त्या आपल्या गावाची हमी देत होत्या आणि ती देण्याचा त्यांना अधिकार होता. पण उतारूघर हे गाव नसते. ते वाटेवरचे घर. तेथे रोज नवी माणसे येतात आणि जातात. त्या सर्वांची हमी दिदींच्या गळ्यात घालणे हा त्यांच्या आतिथ्याचा गैरफायदाच झाला असता.

एवढ्याने कुलपाचा सगळा हिशेब फिटतो असे मात्र नाही. कुलूप लावणारा हात तोच, पण नजर निराळी असू शकते. आमच्या परिचयात असेही प्रवासी आहेत की जे युरोपात पोहोचले की हेल्मेट आरशावर टांगून खुशाल कॉफी प्यायला जातात, आणि आशियातल्या खेड्यात चपलांनासुद्धा साखळी घालतील. वास्तविक लंडन, बार्सिलोना, रोम या शहरांत मोटरसायकली पळविण्याचा धंदा चांगला संघटित आहे. मध्य आशियातल्या खेड्यात फार तर पोरे गाडीवर चढून बसतील आणि हॉर्न वाजवतील. गरिबी दिसली की साखळी आणि श्रीमंती दिसली की विश्वास, हा हिशेब अनुभवातून आलेला नसतो. तो घरूनच बांधून नेलेला असतो. कुलूप शेजारच्या निरपराधाला वाचवते हे खरे, पण ते एवढ्याच अटीवर की ते सर्वत्र सारखे लागावे. म्युनिकमध्येही आणि मार्फ्यातही. कोणाचा चेहरा पाहून लावलेले कुलूप हे त्या चेहऱ्यावरचे लांछन ठरते.

आणि हे आपल्या घराण्यांना कोणी शिकवावयास नको. ज्या मराठी फौजांच्या मागोमाग आपले पूर्वज नर्मदेपलीकडे आले, त्यांच्या नुसत्या वार्तेने एके काळी बंगालात दारे बंद होत. बारगिरांचे भय तिकडच्या अंगाईगीतात अद्याप टिकून आहे. उलट वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्य मिळवण्यासाठी उत्तरेत गेले ते नेमके 1857 च्या धामधुमीत. झांशीच्या लुटीत सापडले, कमाई गमावली, आणि परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड तेवढी घेऊन आले. ज्याला भ्यावे तो आणि जो लुटला जातो तो, दोघेही आपल्यातच होते.

संशय आपल्यावर फिरतो तेव्हा कसे वाटते, हे मोटरसायकलवाल्याला सीमेवर कळते. टेड सायमन हा इंग्रज पत्रकार 1973 च्या ऑक्टोबरात 500 सीसीच्या ट्रायम्फ गाडीवर लंडनहून निघाला आणि चार वर्षे जगभर हिंडला. त्या प्रवासाचे ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ हे पुस्तक 1979 मध्ये आले. ब्राझीलमध्ये फोर्तालेझा बंदरात तो उतरला तेव्हा तेथे लष्करी राजवट होती. हेर असल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याला अटकेत ठेवले. एकटा माणूस एवढ्या लांब कशाला आला, याचे समाधानकारक उत्तर त्याच्याजवळ नव्हते. तसे ते कोणाजवळ असते?

कार्ने नावाचा जो कागद इराणसारख्या देशांत गाडी नेताना लागतो, त्याच्या मुळाशीही संशयच आहे. खासगी वाहने तात्पुरती दुसऱ्या देशात नेण्याविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 1954 चा. गाडी परत बाहेर नेली नाही तर तिच्यावरील आयात कर भरला जाईल अशी हमी हा कागद देतो, आणि त्यासाठी मालकाला मायदेशी मोठी रक्कम वा बँकेची हमी अडकवून ठेवावी लागते. गंमत अशी की गाडी चोरीला गेली तरी ती बाहेर गेलेली नसतेच. पोलिसांचा दाखला, जबाब, अर्ज यांतून निभावले तर ठीक. नाहीतर ज्याची गाडी गेली त्यालाच, गाडी विकून टाकल्यासारखा, कर भरण्याची पाळी येते. आपल्या चोरीचे आपणच आरोपी. तरीही या कागदाचा कोणाला अपमान वाटल्याचे मी ऐकले नाही. कारण तो सर्वांना मागतात. अपमान वाटतो तो रांगेतल्या वीस जणांना सोडून एकट्याचीच पेटी उघडायला लावली तर.

असो. लोखंडाविषयी एवढे पुरे. त्याच्या पलीकडे माणसाच्या हवाली होण्याचा जो भाग आहे तो उरतोच. ॲनेट बायर या तत्त्वचिंतक बाईंनी 1986 मध्ये विश्वासावर एक निबंध लिहिला. विश्वास म्हणजे आपल्याला अपाय करण्याची शक्ती दुसऱ्याच्या हाती देणे आणि तो ती वापरणार नाही असे धरून चालणे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. मोटरसायकलवाल्याच्या बाबतीत याला फार शब्दशः अर्थ आहे. घाटात गाडी घसरली, स्वार बेशुद्ध पडला, तर हेल्मेटचा पट्टा अनोळखी बोटे सोडवतात. त्याच्या खिशातून किल्ली काढून गाडी बाजूला घेतात ती अनोळखी माणसे. पोटाला बांधलेला पैशांचा पट्टा इस्पितळात परक्या हातांनी उतरवला जातो. घरून नेलेली सगळी कुलपे त्या एका क्षणात उघडी पडतात. आणि बहुतेक वेळा ती माणसे सामान सांभाळतात, गाडी कोणाच्या तरी गोठ्यात नेऊन ठेवतात, नातलगांना फोन लावतात. ज्या प्रवाशाने महिनाभर कोणाशी साखळीशिवाय व्यवहारच केला नाही, त्याला या हातांत पडणे फार जड जात असेल. म्हणून चौकातल्या दुकानदाराला "जरा गाडीकडे बघा हो" असे सांगून, साखळी घालून, चहाचे पैसे देऊन निघून जाणे हा रोजचा लहानसा सराव मला साखळीइतकाच आवश्यक वाटतो. राखण करणाऱ्या पोराला मात्र ठरलेले पैसे द्यावेत आणि हसून द्यावेत. त्याच्या प्रामाणिकपणाची ती किंमत नव्हे. त्याच्या वेळेची आहे.

एक प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. प्रत्येक मार्गदर्शकात सांगतात की गाडीची दुसरी किल्ली बरोबर ठेवावी, पण पहिलीजवळ ठेवू नये. कारण पहिली हरवली तर दुसरीही तिच्याबरोबर जाईल. सोबती असेल तर तिची जागा त्याच्या खिशात. एकट्याने जाणाऱ्याने ती कुठे ठेवावी? गाडीच्या सांगाड्यात लपवावी तर शोधणाऱ्याला सापडते, पेटीत ठेवावी तर पेटीच जाते. मार्फ्याहून निघताना भाच्याने वर मुक्तिनाथापर्यंत जाऊन येईस्तोवर आपली दुसरी किल्ली दिदींकडे ठेवली होती. पेट्यांपैकी एक, कुलूप लावलेली, तीही. दिदींनी किल्ली घेतली, देवाऱ्याजवळच्या खुंटीला अडकवली आणि परत केव्हा येणार एवढेच विचारले.